ताटाच्या कडेचा बटाटा

मराठी पानाला डावी बाजू असते आणि उजवी असते. काचऱ्या केल्या की बटाटा उजवीकडे जातो. उकडून, दही घालून, वर हिरव्या मिरचीची फोडणी देऊन भरीत केलं की तोच डावीकडे येतो, चटणी-कोशिंबिरीच्या रांगेत. इंग्रज, फ्रेंच, अमेरिकी ताटात त्याची जागा एवढी फिरती नाही. तिथे तो मांसाच्या शेजारी बसतो, रस्सा वाहत येईल अशा ठिकाणी, आणि बहुतेक वेळा दोनच रूपांत येतो: लोणी-दूध घालून कुस्करलेला किंवा सालासकट भट्टीत भाजलेला.

हे दोन्ही पदार्थ आता आपल्याकडेही घरोघरी होऊ लागले आहेत. ओटीजी आला, एअर फ्रायर आला, शिवाय मुलांना हॉटेलातला मॅश पोटॅटो घरी हवा असतो. करायला बसलं की लक्षात येतं, की इतक्या साध्या पदार्थांबद्दल सांगणाऱ्यांचं एकमत नाही. एक जण म्हणतो सालासकट उकडा, दुसरा म्हणतो सोलून. एक म्हणतो फॉइलमध्ये गुंडाळा, दुसरा म्हणतो फॉइलला हातही लावू नका. हे वाद कुठून आले, त्यांत आज काय ठरलेलं आहे आणि काय नाही, ते या लेखात पाहू.

थोडी पार्श्वभूमी

बटाटा दक्षिण अमेरिकेतून युरोपात आला तो सोळाव्या शतकात, पण त्याला ताटात जागा मिळायला बराच वेळ लागला. इंग्लंडमध्ये हॅना ग्लास यांच्या १७४७ सालच्या पाकपुस्तकात कुस्करलेल्या बटाट्याची कृती आहे. त्याच सुमारास फ्रान्समध्ये मात्र बटाट्याकडे गुरांचा खुराक म्हणून पाहिलं जाई. औषधनिर्माता आंत्वान पार्मांतिए सात वर्षांच्या युद्धात प्रशियाच्या कैदेत बटाट्यावर जगला आणि परतल्यावर त्याने त्याचा प्रचार हाती घेतला. १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने बटाटा माणसाने खाण्यायोग्य असल्याचं जाहीर केलं. आजही फ्रेंच पाककृतीच्या नावात ‘पार्मांतिए’ दिसलं की आत बटाटा आहे असं खुशाल समजावं.

भाजलेल्या बटाट्याचा इतिहास रस्त्यावरचा आहे. हेन्री मेह्यू यांनी १८५१ च्या सुमारास लंडनच्या कष्टकऱ्यांचं जे दस्तावेजीकरण केलं, त्यात भाजलेले बटाटे विकणारे फेरीवाले आहेत. पत्र्याच्या डब्यात निखारे आणि गरम पाणी, वरती बटाटे. थंडीत लोक ते आधी हात शेकायला घेत आणि मग खात. अमेरिकेत त्याला प्रतिष्ठा दिली ती रेल्वेने. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातले शेतकरी अवाढव्य बटाटे कुणी घेत नाही म्हणून डुकरांना घालत होते. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या भोजनविभागाच्या प्रमुखाने १९०९ च्या सुमारास तेच बटाटे डायनिंग कारमध्ये भाजून वाढायला सुरुवात केली, आणि पुढे ‘मोठा भाजलेला बटाटा’ ही त्या रेल्वेची ओळख झाली.

आपल्याकडे हे कंद पोर्तुगीजांबरोबर आले. ‘बटाटा’ हा शब्दच त्यांचा. उत्तरेतला ‘आलू’ वेगळा. आपण त्याला कुस्करायलाही शिकलो, पण तोंडी लावण्यापेक्षा वेष्टणासाठी किंवा सारणासाठी जास्त. गोव्यातल्या पटेट चॉपमध्ये कुस्करलेला बटाटा खिम्याभोवती लिंपतात. वड्यात तो बेसनाच्या आत जातो. म्हणजे कुस्करण्याचं कसब इथे होतंच. फक्त त्यातून जे हवं होतं ते वेगळं होतं, आणि हा वेगळेपणा पुढच्या प्रत्येक वादात आडवा येतो.

कुठला बटाटा

पहिला वाद जातीचा. पाश्चात्त्य पुस्तकं बटाट्यांचे दोन ढोबळ गट करतात. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त, पाणी कमी. शिजला की त्याच्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि तो भुसभुशीत फुटतो. मेणचट बटाट्यात स्टार्च कमी, पाणी जास्त. तो शिजूनही आकार धरून राहतो. प्रचलित सल्ला असा, की कुस्करायला आणि भाजायला पिठूळ, रस्सा आणि सॅलडला मेणचट. अमेरिकेत रसेट बरबँक आणि इंग्लंडात मॅरिस पायपर ही पिठूळ बाजूची नेहमी घेतली जाणारी नावं.

या नियमाला सर्वांत मोठा धक्का दिला तो पॅरिसच्या जोएल रोबुशाँ यांनी. त्यांनी १९८१ मध्ये ‘जामाँ’ हे रेस्तराँ सुरू केलं, तीनच वर्षांत तीन मिशलँ तारे मिळवले, आणि लोक त्यांच्याकडच्या ज्या पदार्थाबद्दल आजही बोलतात तो निघाला बटाट्याची प्युरे. तिच्यासाठी ते ‘रात’ नावाचा छोटा, लांबट, घट्ट गराचा बटाटा वापरत. नियमाप्रमाणे तो सॅलडचा. म्हणजे जातीचा नियम चुकीचा का? तसं नाही म्हणता येत. घट्ट बटाटा फार हळुवारपणे हाताळला आणि त्यात भरपूर लोणी जिरवलं, तर तो रेशमासारखा होतो. हलका, फुललेला मात्र होत नाही. दोन्ही गटांचे लोक ‘मॅश’ हा एकच शब्द वापरून दोन वेगळे पदार्थ मागत असतात.

भारतात हा वाद वेगळ्याच अडचणीत सापडतो, कारण आपल्याला जात विचारताच येत नाही. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली, १९५६ मध्ये सिमल्याला गेली, आणि तिथल्या कुफरी गावाच्या नावाने तिचे वाण देशभर पसरले. १९६८ मध्ये आलेल्या कुफरी ज्योती आणि कुफरी चंद्रमुखी, १९९८ ची पिवळसर गराची कुफरी पुखराज, त्याच वर्षीची खास वेफर्ससाठी काढलेली कुफरी चिपसोना. दख्खनच्या पठारासाठी १९७२ मध्ये आलेल्या वाणाचं नाव तर थेट ‘कुफरी लवकर’ आहे. यांत पुखराजमध्ये घन पदार्थ कमी, चिपसोनात २० टक्क्यांच्या वर. पण मंडईत पाटी असते ती ‘इंदूर’, ‘आग्रा’, ‘तळेगाव’ अशी. नाहीतर भाजीवाला विचारतो, नवा देऊ का जुना? नव्याचं साल बोटाने निघतं आणि तो ओलसर असतो, जुना त्या मानाने कोरडा. कुस्करायला जुना घ्यावा, एवढं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं आणि ते शास्त्राला धरून आहे.

घरी ओळखायची एक जुनी युक्ती आहे. एक वाटी मीठ ११ वाट्या पाण्यात विरघळवायचं आणि त्यात बटाटे सोडायचे. पिठूळ बटाटा जड असतो, तो बुडतो, मेणचट तरंगतो.

पाण्यात काय घडतं

हा या विषयातला सर्वांत भरीव भाग, आणि थोडं रसायनशास्त्र आल्याशिवाय तो सुटत नाही.

बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं. उरलेल्यात बहुतेक स्टार्च, पेशींच्या आत कणांच्या रूपाने कोंबलेला. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला हे कण पाणी पिऊन फुगतात. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन मात्र विरघळायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. बटाटा शिजतो म्हणजे आतला स्टार्च फुगतो आणि बाहेरचं पेक्टिन सैल होतं. कुस्करताना पेशी नुसत्या सुट्या झाल्या तर मॅश मऊ, मोकळा होतो. पेशी फुटल्या आणि आतला स्टार्च बाहेर सांडला की होते ती खळ, कपड्यांना घालतात तशी. कुस्करण्याबद्दलचे जवळजवळ सगळे सल्ले हा स्टार्च आत कसा ठेवायचा याचीच उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर: पाणी गार असतानाच बटाटे टाका. उकळत्या पाण्यात टाकले तर आत उष्णता पोचेपर्यंत बाहेरचा थर फुटतो. यावर फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो सालाचा. रोबुशाँ सालासकट उकडत, गरम असतानाच सोलत. साल असल्याने पाणी आत कमी शिरतं आणि चव बाहेर कमी जाते, असं त्यांच्या बाजूचे लोक म्हणतात. दुसरी बाजू म्हणते, सोलून सारख्या फोडी केल्या तर शिजणं एकसारखं होतं, वरचा सुटा स्टार्च धुता येतो आणि बोटंही भाजत नाहीत. तिसरी बाजू वाफवणाऱ्यांची. फोडी पाण्याला लागूच द्यायच्या नाहीत.

आपला घरगुती रिवाज या तिघांपैकी कुणाचाच नाही. आपण बटाटे सालासकट कुकरला लावतो आणि शिट्ट्या मोजतो. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, साल तडकतं, आणि तडकलेल्या बटाट्यात पाणी शिरतं. वड्याला, भरताला याने बिघडत नाही. आलं-मिरची, दही, फोडणी सगळं सावरून घेतात. नुसतं लोणी-दूध घालायचं असेल तर हाच बटाटा पचपचीत लागतो. कुकरच वापरायचा तर भांड्यात पाणी न घालता बटाटे जाळीवर ठेवावेत, एखादी शिट्टी कमी करावी, आणि निघाल्यावर कोरड्या कढईत दोन-तीन मिनिटं परतून वाफ घालवावी. हा परतण्याचा टप्पा सर्व पक्षांना मान्य आहे, आणि घरी सर्वांत जास्त वेळा तोच गाळला जातो.

आता सर्वांत कुतूहलाचा मुद्दा. १९५० च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत बटाट्याचे वाळवलेले फ्लेक्स तयार करण्याचं काम चाललं होतं. पाणी घातलं की त्यांची खळ होई. त्यावर सापडलेली तोड अशी: बटाटा आधी सत्तरेक अंशांच्या पाण्यात ठेवायचा, मग गार करायचा, आणि नंतरच पूर्ण शिजवायचा. पहिल्या पायरीत स्टार्च फुगतो पण पेशी टिकतात. गार होताना तो आतल्या आत घट्ट बसतो आणि दुसऱ्यांदा शिजवताना सहजासहजी बाहेर येत नाही. शिवाय त्या कोमट टप्प्यात एक विकर पेक्टिनला कॅल्शियमशी बांधून पेशींच्या भिंती मजबूत करतं. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, ती याच बांधणीमुळे.

कारखान्यातली ही युक्ती घरच्या स्वयंपाकघरात आणली ती लिहिणाऱ्यांनी. अमेरिकी खाद्यलेखक जेफ्री स्टाइनगार्टन यांच्या १९९७ च्या निबंधसंग्रहात मॅशवर एक अख्खा लेख आहे. ब्रिटिश शेफ हेस्टन ब्लुमेंथाल यांनी त्याला आकडा दिला: ७२ अंशांना ३० मिनिटं, मग थंड पाणी, मग उकड. त्यांच्या बाजूने बोलायचं तर याचा परिणाम खरंच दिसतो, मॅश जास्त घोटला तरी चिकट होत नाही. विरुद्ध बाजूचं म्हणणंही वजनदार आहे. थर्मामीटर, ३० मिनिटं गॅसवर लक्ष, पुन्हा गार करणं. घरच्या चार माणसांच्या मॅशसाठी एवढा खटाटोप कशाला? हाताने कुस्करला तर खळ होतच नाही. मी तीनदा करून पाहिलं. फरक जाणवला तो मॅश दोन तास आधी करून ठेवला तेव्हा. ताजा खाल्ला तेव्हा मला तरी ओळखता आला नाही.

कुस्करायचं कशाने

यावर एकमत जवळपास झालं आहे. मिक्सर आणि फूड प्रोसेसर नकोत, त्यांचं पातं पेशी कापतं. राहिली दोन शिबिरं. एक हाती मॅशरचं, थोड्या गुठळ्या राहिल्या तर बिघडत नाही म्हणणारं. दुसरं रायसर (बटाटा बारीक भोकांतून दाबून काढणारं साधन) आणि फूड मिलचं, एकसारखा मऊपणा हवा असणारं. फूड मिल ही झाँ माँतले यांची १९३२ ची देणगी. भोकांच्या चाळणीवर फिरणारं तिरकं पातं आणि वर दांडा. त्या यंत्रावर त्यांनी जी कंपनी उभी केली, ती पुढे मूलिनेक्स म्हणून प्रसिद्ध झाली.

वर्णन वाचून मराठी वाचकाला काहीतरी आठवलं असेल. हे तर आपलं पुरणयंत्र! होळी-पाडव्याला माळ्यावरून उतरणारं आणि नंतर वर्षभर पडून राहणारं हे यंत्र बटाट्याला उत्तम चालतं. बारीक जाळी लावायची, बटाटे गरमच घालायचे, आणि जोर न लावता फिरवायचं. सोऱ्याला शेवेची बारीक चकती लावली की तो रायसर होतो. पुरणयंत्र आणि सोऱ्या यांत मला सोऱ्या सरस वाटतो, कारण त्यात बटाटा एकदाच दाबला जातो. पुरणयंत्रात तोच घास दोन-तीनदा पात्याखाली येतो. अर्थात सोऱ्या धुण्याचा त्रास ज्याचा त्याने मोजावा.

लोणी, दूध आणि त्यांचा क्रम

प्रमाणाच्या वादात दोन टोकं आहेत. रोबुशाँ यांनी छापलेल्या कृतीत किलोभर बटाट्याला २५० ग्रॅम लोणी आहे. रेस्तराँमध्ये ते याच्या दुप्पट जाई, असं सांगितलं जातं. दुसऱ्या टोकाला साधी आयरिश घरं, जिथे दुधात मुरवलेली पातीच्या कांद्याची कापं घालून ‘चॅम्प’ करतात आणि लोणी मधल्या खळग्यात ठेवतात, खाणाऱ्याने हवं तेवढं ओढून घ्यावं म्हणून. फ्रान्सच्या ओब्राक भागातला ‘आलिगो’ ताज्या चीझमुळे हातभर तार धरतो. इतर सगळे ज्या ताणाला घाबरतात, तोच तिथे कौतुकाचा.

आपल्याकडचं अमूलसारखं लोणी खारट असतं, तेव्हा मीठ शेवटी. घरच्या विरजणाच्या लोण्याला किंचित आंबूस चव असते आणि ती बटाट्याला शोभते. तूप मात्र जमत नाही असा माझा अनुभव. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं, ते स्निग्धांशात बारीक विखुरलेलं असतं, त्यामुळे ते मॅशमध्ये मिसळून जातं. तुपात पाणीच नाही, ते वेगळं सुटतं. बिहारचा चोखा आणि बंगालचा आलूभाते हा प्रश्न तिसऱ्याच दिशेने सोडवतात. कच्चं मोहरीचं तेल, तेही थोडंसं, कारण तिथे ते मऊपणासाठी नसून झणक्यासाठी आहे. शेजारी लिट्टी किंवा गरम भात असतो, आणि मॅशने त्यांना तिखट करायचं असतं. शेजारी मांसाचा रस्सा असेल तर हेच काम रस्सा करतो आणि मॅशला निमूट राहावं लागतं.

क्रमाबद्दलचं भांडण अजून मिटलेलं नाही. आधी लोणी, मग गरम दूध, असं बहुतेक फ्रेंच परंपरेचे लोक सांगतात. स्निग्धांशाने स्टार्चवर आवरण चढतं आणि मग दुधातलं पाणी त्याला चिकट करू शकत नाही, हे त्यामागचं स्पष्टीकरण. ते पटण्यासारखं आहे, पण बटाटा शिजेपर्यंत स्टार्चने पाणी पिऊन झालेलंच असतं, हा आक्षेपही खोडता येत नाही. दूध गरमच हवं याचं कारण मात्र साधं आहे. गार दुधाने मॅश गार होतो, आणि गार मॅश घोटायला जोर लागतो.

भट्टीतला बटाटा

इथे भाषेचा एक घोळ आधी निस्तरायला हवा. इंग्रजीत सालासकट अख्खा बटाटा ‘बेक’ होतो आणि सोलून, तेलात घोळवून तापलेल्या ट्रेमध्ये टाकलेल्या फोडी ‘रोस्ट’ होतात. आपण दोन्हींना ‘भाजणे’ म्हणतो. कृती वाचताना यामुळे गोंधळ होतो.

अख्ख्या बटाट्याचा मुख्य वाद फॉइलचा. फॉइल गुंडाळली की बटाट्याची वाफ आतच राहते, साल मऊ पडतं, गर ओलसर होतो. उघडा भाजला तर साल कुरकुरीत आणि गर पिठूळ. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याचं बटाटा मंडळ फॉइलच्या स्पष्ट विरोधात आहे. ते भाजणं नसून वाफवणं आहे, असं त्यांचं म्हणणं. आतलं तापमान ९६ ते ९९ अंशांवर पोचलं की बटाटा झाला, आणि बाहेर काढताच चिरून वाफ सोडून द्यावी, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

फॉइलच्या बाजूने कुणी बोलतच नाही असं मात्र नाही. रायगडच्या पोपटीकडे पाहा. थंडीत वालाच्या शेंगा, बटाटे, कुणी अंडी किंवा कोंबडी घालतात, सगळं भांबुर्डीच्या पाल्यात मडक्यात भरायचं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालत नाहीत. पाल्याची आणि शेंगांची वाफ बटाट्याला शिजवते, आणि ओवा-मिठाचा वास घेतलेलं ते मऊ साल काढायचं कुणाच्या मनातही येत नाही. फॉइलचं तत्त्व हेच आहे. कुरकुरीतपणा तिथे कुणी मागितलेलाच नसतो.

फॉइलचा एक धोका मात्र चवीपलीकडचा आहे. १९९४ मध्ये टेक्सासमधल्या एल पासो इथे ३० जणांना बोट्युलिझमची विषबाधा झाली. फॉइलमध्ये भाजलेले बटाटे फॉइलसकट कित्येक तास बाहेर राहिले होते आणि नंतर त्यांची चटणीसारखी डिप केली गेली. हवाबंद, ओलसर, कोमट जागा हे विष तयार करणाऱ्या जिवाणूला फार मानवते. फॉइल वापरायचीच तर भाजून झाल्याबरोबर काढावी. याबद्दल दुमत नाही.

वेळेचा प्रश्न आपल्याकडे जास्त टोचतो. २०० अंशांवर मध्यम बटाट्याला ओटीजीत तास लागतो. दीड किलोवॉटच्या ओटीजीने तोपर्यंत सव्वा-दीड युनिट खाल्लेलं असतं. दोन बटाट्यांसाठी एवढी वीज जाळणं जिवावर येतं. म्हणून आधी मायक्रोवेव्हमध्ये सहा-सात मिनिटं (काट्याने टोचून, नाहीतर फुटतो) आणि मग ओटीजी किंवा एअर फ्रायरमध्ये पंधरा मिनिटं, हा मधला मार्ग रूढ होतो आहे. शुद्धतावादी म्हणतात, मायक्रोवेव्हमधला गर चिवट होतो. पूर्ण मायक्रोवेव्हमध्ये केला तर खरंच होतो. निम्मा केला तर मला फरक नगण्य वाटला. आपल्याकडचे बटाटे शंभर-सव्वाशे ग्रॅमचे असतात, याकिमासारखे नाहीत. लहान बटाट्याला मुळातच कमी वेळ पुरतो.

रोस्ट बटाट्याच्या फोडी अर्धवट उकडून चाळणीत हलवून कडा खरबरीत करायच्या, हे सर्वमान्य आहे. त्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर पेक्टिन लवकर सुटतं आणि कडा अधिक कुरकुरीत होतात. सोड्याच्या वासामुळे काहींना ते नको असतं. स्टॉकहोमच्या हासेलबाकन रेस्तराँच्या नावाने ओळखला जाणारा पंख्यासारखा चिरलेला बटाटा दिसतो अवघड, पण दोन्ही बाजूंना लाकडी उलथणी ठेवून सुरी खालपर्यंत जाऊ दिली नाही की झालं.

ग्रातँ दोफिनवाचं, म्हणजे सायीत घालून भट्टीत शिजवलेल्या बटाट्याच्या चकत्यांचं, प्रकरण जरा मोठं आहे. आल्प्समधल्या गाप शहरात १२ जुलै १७८८ रोजी झालेल्या एका मेजवानीत त्याची पहिली नोंद सापडते, आणि दोफिने या तिथल्या प्रांताच्या अभिमान्यांच्या मते त्यात बटाटा, साय, लसूण यांपलीकडे काही नको. प्रसिद्ध फ्रेंच शेफ एस्कॉफिए यांच्या कृतीत अंडं आणि ग्रुयेर चीझ दोन्ही आहेत. घरी करताना अडचण वेगळीच येते. नुसत्या दुधात बटाट्याच्या चकत्या बराच वेळ शिजल्या की दूध फाटतं. साय जितकी जाड तितकी ती टिकते. बाजारातली पाकिटातली क्रीम २५ टक्क्यांची असते, फ्रेंच क्रीम ३० च्या पुढे. तापवलेल्या दुधावरची घरची साय फ्रीजमध्ये साठवलेली असेल तर ती त्यात घुसळून घालावी. चकत्या धुऊ नयेत. त्यांचा स्टार्चच सायीला दाट करतो.

साठवण, साखर आणि तब्येत

एप्रिल-मेमध्ये ‘बटाटा गोड लागतो’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. शीतगृहात दोन ते चार अंशांवर राहिलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते. कुस्करताना ती चवीला लागते, भाजताना बटाटा लवकर काळपटतो. २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइड हे घातक मानलं जाणारं, अशा साखरेमुळे वाढणारं रसायन असल्याचं दाखवल्यावर या साखरेकडे आरोग्याच्या नजरेने पाहिलं जाऊ लागलं. बटाटा सोनेरी होईपर्यंतच भाजा आणि कच्चा बटाटा फ्रीजमध्ये ठेवू नका, असा सल्ला ब्रिटनची अन्नसुरक्षा संस्था देत होती. २०२३ मध्ये तिने यातला फ्रीजचा भाग मागे घेतला. घरच्या फ्रीजने अ‍ॅक्रिलामाइडमध्ये होणारी वाढ फारशी नसते, असं नव्या पाहणीत दिसलं. सोनेरी रंगाचा सल्ला कायम आहे.

मधुमेहाच्या बाबतीत दोन लाखांहून अधिक अमेरिकी लोकांवरचा अभ्यास २०२५ मध्ये ‘बीएमजे’मध्ये आला. आठवड्याला तीनदा फ्रेंच फ्राइज खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाची जोखीम २० टक्क्यांनी जास्त दिसली; भाजलेल्या, उकडलेल्या, कुस्करलेल्या बटाट्यांत लक्षणीय वाढ दिसली नाही. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, कार्यकारण तो सिद्ध करत नाही, आणि त्यात कुस्करलेला बटाटा उकडलेल्यापासून वेगळा काढलेला नाही. किलोला पाव किलो लोण्याच्या प्युरेबद्दल तो काही सांगत नाही. शिजवून गार केलेल्या बटाट्यात पचायला अवघड असा स्टार्च वाढतो हे ठरलेलं आहे. पण गार मॅश कोण खाणार? आपलं दह्यातलं भरीत मात्र गारच खातात.

न सुटलेलं

लोणी आधी की दूध, हे उरलं आहे. ७२ अंशांचा खटाटोप घरच्या ताज्या मॅशसाठी कितपत लागतो, हे उरलं आहे. कुकरमधल्या बटाट्यावर पाश्चात्त्य लिखाणात फार थोडं सापडतं, कारण तिथे तो या कामाला कुणी लावत नाही. आपल्याकडे सगळे लावतात आणि कुणी मोजत नाही. यांतले बरेच वाद ‘उत्तम मॅश कोणता’ असा प्रश्न विचारतात आणि ‘कशाबरोबर’ हे विचारायचं विसरतात, असं मला वाटतं. मेंढीच्या रश्श्याशेजारचा, लिट्टीशेजारचा आणि वरणभाताशेजारचा मॅश एकाच कृतीतून निघणार नाही.

जातीचा प्रश्न तर आपल्यापुरता जवळपास जागच्या जागीच आहे. हा लेख लिहिताना मंडईतून किलोभर जुना बटाटा आणला, एकाच ढिगातला. मिठाच्या पाण्यात सोडला. नऊपैकी पाच बुडाले, तीन तरंगले आणि एक मधेच लटकत राहिला.